१४१०५ : उद्यम प्रमाणपत्रातल्या एका कोडाचा माझा अनुभव

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, दहा मिनिटांत होते असं सगळे सांगतात. माझीही दहा मिनिटांत झाली. ती निस्तरायला मात्र दोन महिने लागले.

मी ब्लाउज शिवते. साधे, अस्तराचे, कटोरी, प्रिन्सेस कट, मागे दोरी, लटकन, काय म्हणाल ते. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशीन आहेत आणि हाताखाली दोघीजणी. त्याच्या जोडीने फॉल लावणं, घट्ट-सैल करून देणं, लग्नसराईत आरी वर्क, उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवणक्लास. एका रॅकवर अस्तरं आणि ब्लाउजपीसही विकायला ठेवलेत, कारण मापं द्यायला आलेली बाई अस्तर विसरलेली असतेच. या सगळ्याला गल्लीत ‘दुकान’ म्हणतात. मीही दुकानच म्हणायचे, आणि घोळ तिथूनच झाला.

नेट कॅफेवाल्या दादाने आधार घातलं, ओटीपी घेतला, पॅन घातलं आणि मान वर न करता विचारलं, “ताई, धंदा काय?”

“कपड्यांचं दुकान आहे, शिवूनही देते.”

त्याने पहिला अर्धा भाग ऐकला. बाकी सगळं सरसर भरलं, पाचशे रुपये घेतले आणि रंगीत प्रिंट हातात ठेवली. (ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. एक रुपयाही लागत नाही आणि कागद अपलोड करावे लागत नाहीत. हे मला नंतर कळलं, तुम्ही आधीच वाचून घ्या.) मी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून मशीनच्या वर टांगलं. जवळजवळ वर्षभर त्याच्याखाली बसून शिवत होते, पण वाचलं एकदाही नाही.

वाचायची वेळ आली ती एका बिलामुळे. एका संस्थेच्या कर्मचारी बायकांचे एकसारखे साठ ब्लाउज शिवून दिले होते. चार महिने झाले तरी पैसे नाहीत. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘चेक सहीला गेलाय’, ‘पुढच्या सोमवारी’. कुणीतरी सांगितलं की छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, फक्त उद्यम नोंदणी पाहिजे. मी म्हटलं, आहे ना! भिंतीवरून प्रमाणपत्र काढलं, पुसलं आणि फोटो भाचीला पाठवला. ती सीएकडे आर्टिकलशिप करते.

पाच मिनिटांत फोन. “मावशी, तू ट्रेडर आहेस.”

“मी काय आहे?”

“व्यापारी. मेजर ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे मुख्य कामाच्या ओळीत काय लिहिलंय वाच.”

तिथे ‘ट्रेडिंग’ होतं आणि पुढे कंसात बारीक अक्षरांत एक शेपूट: हे फक्त प्राधान्य क्षेत्र कर्जाच्या (म्हणजे बँकांना ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो त्या कर्जाच्या) फायद्यापुरतं. या नोंदणीत प्रत्येक कामधंद्याला एक आकडी कोड असतो, त्याबद्दल पुढे सांगते. झालं असं आहे की ४५, ४६ आणि ४७ ने सुरू होणारे व्यापाराचे कोड आधी या नोंदणीत बसतच नव्हते. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना आत घेतलं, पण तेवढ्याच एका कामासाठी: बँकेने त्यांना दिलेलं कर्ज प्राधान्य क्षेत्रात धरता यावं. उशिराच्या पैशांसाठी तक्रार करायचा दरवाजा त्यांना उघडा नाही. म्हणजे साठ ब्लाउज मी शिवले, काज-बटणं मी केली, आणि कागदावर मी ते कुठूनतरी आणून विकले.

खाली कोष्टक होतं. त्यात एकच ओळ, ४७७११. वर्णन वाचून मला हसावं की रडावं कळेना. तयार कपडे, होजिअरी, आणि हातमोजे, टाय, ब्रेसेस वगैरेंची किरकोळ विक्री. मी आयुष्यात एकही टाय विकलेला नाही.

आता हा कोड काय असतो ते सांगते, कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्याला एनआयसी म्हणतात, राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, २००८ सालचं. देशातल्या यच्चयावत कामधंद्यांची ती एक उतरंड आहे. वर ए ते यू अशी २१ अक्षरं. ए म्हणजे शेती, सी म्हणजे उत्पादन, जी म्हणजे व्यापार, पी म्हणजे शिक्षण, असं. अक्षर आकड्यात दिसत नाही, ते गृहीत असतं. त्याखाली दोन आकड्यांचे ८८ विभाग, मग तीन आकडी गट, चार आकडी वर्ग आणि शेवटी पाच आकडी उपवर्ग. पहिले चार आकडे आपल्या सरकारने मनाने पाडलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये जगभरासाठी असं एक वर्गीकरण केलं, ते वेळोवेळी सुधारत आलं, आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीशी आपलं २००८ चं वर्गीकरण चार आकड्यांपर्यंत जुळवलेलं आहे. पाचवा आकडा खास आपला. म्हणूनच पापड लाटणाऱ्यांना आणि जरीकाम करणाऱ्यांना त्यात स्वतःची जागा आहे.

भाची म्हणाली, कोड बदलून घे, तिथे सुधारणेची सोय आहे. मी म्हटलं, त्यात काय. ‘शिवणकाम’ शोधते आणि टाकते.

इथे मी अडकले. पुढचे तीन आठवडे मी रोज रात्री मशीन झाकून मोबाईलवर हेच करत होते.

शोधायचा रकाना इंग्रजी शब्द घेतो आणि फक्त वर्णनातलेच शब्द ओळखतो. ‘बुटीक’ टाकलं तर काहीच नाही. ‘ब्लाउज’ टाकलं तर तेही नाही. ‘सूइंग’ टाकलं तर शिलाई मशीन बनवणाऱ्यांचा कोड पुढे आला! मग मी उलट्या बाजूने गेले. आधी दोन आकडी विभाग निवडायचा, मग चार आकडी, मग पाच. माझ्या मते माझं काम म्हणजे सेवा. कापड गिऱ्हाइकाचं, माप गिऱ्हाइकाचं, गळाही तिनेच मोबाईलवर दाखवलेला. मी फक्त मजुरी घेते. म्हणून सेवांचे सगळे विभाग चाळले. ९६ मध्ये लाँड्री सापडली, केस कापणं सापडलं, शिवणं काही सापडेना. ९५ मध्ये दुरुस्ती होती. त्यात ९५२९ या वर्गात सायकली आणि घड्याळांच्या शेजारी कपड्यांचं अल्टरेशन होतं. मला वाटलं, सापडलं! टाकणारच होते. भाचीने थांबवलं.

“मावशी, तुझ्याकडे बाई काय घेऊन येते?”

“कापड.”

“आणि काय घेऊन जाते?”

“ब्लाउज.”

“मग वस्तू बदलली ना? कापड आत गेलं, ब्लाउज बाहेर आला. हे उत्पादन. ब्लाउज आत गेला आणि ब्लाउजच बाहेर आला, फक्त दंडात सैल होऊन, तर ती दुरुस्ती.”

“पण कापड माझं नाही!”

“नसू दे. दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम केलं तरी ते उत्पादनच धरतात. आणि तू स्वतः शिवलेलं स्वतः विकलंस तरी त्याने व्यापारी होत नाहीस.”

एवढं एक वाक्य त्या कॅफेतल्या खुर्चीत कुणी बोललं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. कोड तुमच्या हातात कुठली वस्तू आहे ते विचारत नाही. खोलीला लोक काय म्हणतात तेही विचारत नाही. तुम्ही त्या वस्तूचं काय करता, एवढंच विचारतो. एकच कापड माझ्या खोलीत पाच ठिकाणी बसतं: शिवलं तर १४, त्यावर आरी वर्क केलं तर १३ (भरतकाम १३९९१, जरीकाम १३९९२), नुसता पीस विकला तर ४७, जुना ब्लाउज उसवून दिला तर ९५, आणि पोरींना कापायला शिकवलं तर ८५.

मग मी १४ उघडलं. १४१ म्हणजे फर सोडून बाकीचे कपडे, १४२ म्हणजे फरचे. (आपल्याकडे एप्रिलमध्ये अस्तराचा ब्लाउज नको म्हणतात, पण असो, जगाचं वर्गीकरण आहे.) १४१० मध्ये खाली खाली गेले तर १४१०१ मध्ये सर्व प्रकारचे कापडी कपडे, म्हणजे ढिगाने शिवणाऱ्या कारखान्यांचं काम. आणि थोडं खाली, १४१०५ : कस्टम टेलरिंग. मापाने शिवणारे. दोनच शब्द. त्या दोन शब्दांच्या वर लिहिलेलं अक्षर सी, उत्पादन. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, “बरं,” आणि झोपला.

पण प्रश्न संपला नव्हता. मेजर ॲक्टिव्हिटी एकच निवडायची असते. माझ्या वहीत अस्तरं-पीसची विक्री महिन्याकाठी बरीच मोठी दिसायची, शिलाईच्या जवळपास. मग मुख्य कुठलं? यालाही नियम निघाला. या वर्गीकरणात मुख्य काम ठरतं ते त्या कामाने किती मूल्य वाढवलं यावरून, गल्ला किती मोठा यावरून नाही. शंभराच्या अस्तरात माझे पंधरा सुटतात, पंच्याऐंशी होलसेलवाल्याचे असतात. शिलाईच्या शंभरात दोरा, हूक, कॅनव्हास आणि वीज सोडली तर जवळपास सगळं आमच्या हातांचं. दोन महिन्यांची वही घेऊन बसले, पुढे दोन रकाने आखले, ‘आले’ आणि ‘सुटले’. ‘आले’ मध्ये रॅक तोडीस तोड होता, ‘सुटले’ मध्ये कुठल्या कुठे. हे गणित तुम्हीही एकदा करा, कोड बाजूला राहू द्या. मी त्यानंतर फॉलचे दर वाढवले.

आता सगळं ठरलं म्हणून सुधारणेसाठी लॉगिन करायला गेले, तर ओटीपी येईना. का येईल? दादाने मोबाईल नंबर आणि ईमेल त्याचाच टाकला होता! पहिला आधारचा ओटीपी माझ्या फोनवर आला म्हणून मला वाटलं सगळं माझ्याच नंबरवर आहे. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना, ती खरं तर सुरुवातीला यायला हवी होती: फॉर्ममध्ये नंबर आणि ईमेल स्वतःचाच घाला, कॅफेत बसून भरत असाल तर स्क्रीनवर बोट ठेवून खात्री करा. कॅफेला कुलूप. शेजारचा म्हणाला गावाला गेलाय, घराचं बांधकाम काढलंय. दुसऱ्या एका कॅफेवाल्याने सुचवलं, “सोडा हो, नवीन नोंदणी करून टाकू.” तेही करू नका. एका उद्योगाला एकच नोंदणी, असं नियमातच आहे. त्या एका नोंदणीत कामं मात्र हवी तितकी जोडता येतात.

महिनाभराने दादा परतला. मी वही घेऊनच गेले. त्याने बिचाऱ्याने ओटीपी निमूट सांगितला आणि वर म्हणाला, “ताई, कपडे म्हणालात म्हणून मी कपड्यांचा टाकला. काय फरक पडतो?” मी त्याला बाकावर बसवून कापड आत, ब्लाउज बाहेर हे पूर्ण ऐकवलं. पैसे परत मागितले नाहीत. आधी नंबर माझा करून घेतला. मग मेजर ॲक्टिव्हिटी उत्पादन, पहिली ओळ १४१०५, दुसरी १३९९१, मग अल्टरेशन, क्लास, आणि पीसची विक्री सगळ्यात शेवटी. नोंदणी क्रमांक तोच राहिला, प्रमाणपत्र नवं निघालं. यात काहीच अडचण आली नाही म्हणून यावर काही लिहीत नाही.

जीएसटीवाले एचएसएन नावाचा कोड मागतात तो याच्यात गल्लत करून देऊ नका. तो वस्तूचा असतो, हा कामाचा. आयकर विवरणातही व्यवसायाचा कोड विचारतात आणि तोही पाच आकडीच असतो, पण ती यादीच निराळी. माझ्या शेजारणीने तिथला इथे शोधण्यात एक रविवार घालवला.

त्या साठ ब्लाउजचं काय झालं विचाराल. जुन्या बिलासाठी नव्या ओळीच्या भरवशावर राहू नकोस, असं भाचीने आधीच बजावलं होतं. शेवटी माझ्या हाताखालच्या दोघी डबा घेऊन त्या संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसल्या. दुपारच्या आत चेक मिळाला. व्याज नाही. पुढच्या ऑर्डरीला मी बिलावर उद्यम क्रमांक छापून घेतलाय.

परवा नेट कॅफेवाल्या दादाचा फोन आला. “ताई, बायकोने पार्लर काढलंय. उद्यम करायचंय. कुठला टाकू?”

मी मशीन थांबवलं. “९६०२०. पण आधी एक सांग, ती क्रीम विकते की लावते?”

तो जरा वेळ गप्प झाला. मग लांबून त्याचा आवाज आला, “अगं ए, जरा इकडे ये.”