ठिपक्यांची रांगोळी फ्यूज बीड्समध्ये: 15 ते 8 जमली

फ्यूज बीड्स म्हणजे प्लास्टिकचे बारीक पोकळ मणी: पेगबोर्डवर, म्हणजे खुंट्यांच्या पाटीवर, लावायचे आणि इस्त्रीने वितळवून एकमेकांना चिकटवायचे. मागच्या महिन्यात चौकोनी पेगबोर्डवर सहा पाकळ्यांचं कमळ घातलं होतं. दोन वेळा उसवलं, तरी चेपल्यासारखंच दिसत होतं. आईने बोर्ड हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, हे सरळ ठिपके आहेत. ही रांगोळी मधल्या ठिपक्यांची." म्हणजे खालच्या ओळीतला ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येणारी. षटकोनी बोर्डवरच्या खुंट्या नेमक्या तशाच असतात! तो बोर्ड माझ्याकडे दोन वर्षं पडून होता आणि त्यावर मी फक्त चांदण्या केल्या होत्या.

माझ्या षटकोनी बोर्डवर मधल्या ओळीत 29 खुंट्या आहेत आणि कडेला 15. आईच्या वहीतली रांगोळी 15 ते 8. एक खुंटी ठिपक्याची, पुढची रेघेची, असं धरलं की 29 मध्ये बरोबर 15 ठिपके बसतात आणि कडेच्या 15 मध्ये बरोबर 8. एकूण 631 मणी, त्यातले 169 ठिपके. हा हिशोब जुळला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आईच्या वहीबरोबर तिचा ठिपक्यांचा कागदही निघाला, उदबत्तीने भोकं पाडलेला, कडा तपकिरी झालेला. गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसून रांगोळी काढता येत नाही. टेबलावर बोर्ड ठेवला की मात्र ती माझ्यापेक्षा भरभर मणी लावते, चिमटा न घेता. 1950च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये गुन्नर क्नुटसन यांनी हे मणी शोधले तेव्हा ते मुळात वयस्क लोकांच्या उपचारासाठी योजले होते, खेळणं ते नंतर झालं. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरोबर आहे," आणि पुढची ओळ लावायला घेतली.

अडचण आली ती रेघांची. षटकोनी बोर्डवर तीन दिशांच्या रेघा सुरेख जातात. पण पाकळीचं टोक दोन ओळी ओलांडून सरळ वर न्यायचं असेल तर मधल्या ओळीत त्या जागी खुंटीच नसते. मणी अर्धा डावीकडे नाहीतर अर्धा उजवीकडे जातो आणि रेघ नागमोडी होते. तिथे मी शेजारशेजारचे दोन्ही मणी भरले. टोक जाड झालं, पण दुरून पाकळी भरीव वाटते. पाकळ्यांची दिशाच बोर्डाच्या कोपऱ्यांकडे फिरवली तर हा प्रश्न उरत नाही, पुढची तशीच करणार आहे.

रंग: ठिपके पांढरे, पाकळ्या राणी आणि पिवळ्या. उरलेली सगळी जागा गेरूची. नुसता तपकिरी मणी फार काळपट दिसत होता, म्हणून गंजासारखा तांबूस घेतला. त्यावर पांढरा ठिपका अंगणातल्यासारखाच उठतो.

आता इस्त्री. पूर्वी एकदा थेट बोर्डवर फिरवली होती, तेव्हा बोर्ड मधोमध फुगला तो कायमचा. आता आधी वरून मास्किंग टेप लावते, तिला सुईने टोचून भोकं पाडते म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडते. मग सगळं उलटं करून बोर्ड अलगद काढायचा आणि उघड्या बाजूवर बेकिंगचा कागद ठेवून मध्यम आचेवर, वाफ बंद ठेवून, गोल गोल फिरवायचं. गरम असतानाच पाटाखाली दाबून ठेवायचं. ते गार झालं की टेप काढायची आणि दुसरी बाजू. एकच बाजू भाजली तर कडा उचलल्या जातात.

इथे षटकोनाचा मोठा फायदा आहे. प्रत्येक मण्याला चारऐवजी सहा शेजारी मिळतात, त्यामुळे हलकी इस्त्रीही पुरते आणि मण्याचं भोक बुजत नाही. मला ते उघडंच हवं होतं. पांढऱ्या मण्यातलं ते बारीक भोक दिसलं की ठिपका ठिपकाच राहतो. पूर्ण वितळवून सपाट केलेला नमुना मला टाइलसारखा वाटतो.

एक चूक सांगते. पिवळे मणी कमी पडले म्हणून दुसऱ्या कंपनीचे 20 मिसळले. ते आधी वितळले आणि दोन पाकळ्या चपट्या झाल्या. एका नमुन्यात एकाच कंपनीचे मणी, हे आता पक्कं. आणि हे समईखाली किंवा गरम भांड्याखाली ठेवायचं नाही.

पुढे गौरीसाठी सात षटकोन, मध्ये एक आणि भोवती सहा. 4417 मणी. तिसरा अर्धा झालाय. सातही एकत्र जोडून इस्त्री करायची आहे. कुणी एवढं मोठं उलटवलं असेल तर टेपचा एकच थर पुरला का आडवा-उभा दुहेरी लागला, तेवढं सांगा.