मामा तलावाच्या पाळीला लाट कुठून लागते

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आतून खचली की दोष पावसाला जातो. पुष्कळदा ते काम वाऱ्याचं असतं.

लाट किती उंच उठेल हे तीन गोष्टी ठरवतात: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ टिकला, आणि ज्या दिशेनं तो येतो तिकडे मोकळं पाणी किती लांबवर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिसरीच गोष्ट लाटेला आवरते. लहान झाडं डोलायला लागतात तेवढा, म्हणजे ताशी ३६ किमीचा वारा १ किमी पाण्यावर साधारण १५ सेंमीची लाट उठवतो. त्याला २५ मिनिटं पुरतात. गोसीखुर्दसारख्या जलाशयात त्याच वाऱ्याला ५ किमी मोकळं पाणी मिळालं, तर लाट ३५ सेंमीच्या आसपास जाते, पण वारा सव्वा तास टिकावा लागतो. उंची दुप्पट झाली की माराची ऊर्जा चौपट.

कोकणात पावसाळी वाऱ्याला शेकडो किलोमीटर समुद्र मिळतो. तिथल्या १० सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात १५६ मीटर असते, त्यामुळे ७८ मीटर खोलीपासूनच तिला तळ लागतो, ती वळते आणि किनाऱ्याला जवळपास समांतर होऊन फुटते. तलावातली लाट जेमतेम ३ मीटर लांबीची. तिला तळ लागतो तो अगदी काठाशी, दीड मीटर पाण्यात. वळायला जागाच नाही, म्हणून ती पाळीवर तिरपी आदळते आणि माती एका कोपऱ्याकडे ओढत नेते.

पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, आणि तलाव भरलेला असतो तोही तेव्हाच. म्हणून पूर्व-ईशान्येची पाळ आधी बघा. नकाशावर पाळीच्या मध्यापासून नैर्ऋत्येकडे सरळ रेघ ओढून पाण्याची लांबी मोजा. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा मंद असतो, त्याची फार चिंता नको.

दगडी पिचिंग (उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर) केलेलं असूनही पाळ खचते, त्याचं नेहमीचं कारण दगडाखाली वाळू-गिट्टीचा गाळणी थर नसणं. लाट मागे सरताना सांध्यांतून माती ओढून घेते, खाली पोकळी होते आणि दगड बसतो. वरून सिमेंटनं सांधे बुजवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. पाणी झपाट्यानं उतरलं की आतला दाब बाहेर पडायला वाटच राहत नाही. काठावरचं बेशरमाचं झुडूप लाट मोडतं हे खरं, पण तेवढ्यासाठी ते राखावं असं नाही.

मे महिन्यातल्या वादळी वाऱ्याचा हिशेब वेगळा. तो थोडाच वेळ टिकतो, लाट फार उंच होत नाही; पण ती आखूड आणि उभट असते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्याला धोका तिचाच, विशेषतः आडवी लागली तर. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की डोंगा वारा जिकडून येतो तिकडच्या काठाला घ्यावा, तिथं लाटेला वाढायला पाणीच मिळत नाही.