घरचं कॉकपिट, नोंद ११: दहा हेक्टोपास्कल म्हणजे दोनशे ऐंशी फूट

घरी बांधत असलेल्या फ्लाइट सिम्युलेटरच्या कॉकपिटात हवेचा दाब लावायचा नॉब अखेर बसला. उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांकडून पितळेचा करून घेतला, कडेला बारीक नर्लिंग मारलेला. मामांनी विचारलंच, "एवढ्याशा बटनाला पितळ कशाला पायजे रे?" म्हटलं, मामा, जमीन किती खाली हाय ते विमानाला ह्याच बटनावरनं कळतंय. ते काही बोलले नाहीत, पण नॉब परत मशीनला लावून दातरे आणखी एकदा साफ करून दिले.

आतला एन्कोडर, म्हणजे नॉबचं फिरणं मोजणारा भाग, मात्र त्रास देत होता. एका टकला कधी एक आकडा पुढे जायचा, कधी दोन. दोन्ही पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, तेव्हा कुठं एक टक, एक हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) असं जमलं. पण त्याआधीच्या रविवारी त्या जादा आकड्यांनी मला सिम्युलेटरात सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, अलीकडे शेतात उतरवलं होतं. ही नोंद खरं तर त्याबद्दल आहे.

बेंगळूरूहून येत होतो. सिम्युलेटरात पावसाळी हवा लावलेली, ढग खाली, वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेकडून रनवे २६. क्यूएनएच, म्हणजे उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर लावायचा दाब, १००१. मी टक मोजून नॉब फिरवला आणि डिस्प्लेकडे बघितलं नाही. तिथं १०११ लागला होता. उतरताना सगळं जागेवर होतं: उंचीची सुई मधोमध, अंतर आणि उंचीचा मेळ बरोबर, वेग बरोबर. ढगातून बाहेर आलो तर समोर धावपट्टी नाही, बांध.

नवीन मंडळींसाठी थोडं थांबतो. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. माझ्या फोनचा बॅरोमीटर इथं घरी ९२० च्या आसपास दाखवतो, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. तोच दाब समुद्रसपाटीला आणून सांगितला की तो क्यूएनएच. तो बरोबर लावला तर सांबऱ्याच्या जमिनीवर यंत्र शून्य नाही, सुमारे २,४८७ फूट दाखवतं. एक हेक्टोपास्कल चुकला की साधारण २८ फुटांचा फरक पडतो. आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा लावला, तर यंत्र उंची वाढवून सांगतं, विमान मात्र तेवढंच खाली असतं.

हे खरोखर घडलेलं आहे, आणि आकडेही नेमके हेच. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पावसात उतरणाऱ्या एअरबस ए३२० ला कंट्रोलरने १००१ ऐवजी १०११ सांगितला. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता विमान परत वर नेलं, पण तोवर विमान धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर आलं होतं. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजलाच नाही. दुसऱ्या खेपेलाही तोच चुकीचा दाब लावलेला होता. त्या वेळी धावपट्टीचे दिवे दिसले, म्हणून ते सावरले.

फ्रान्सच्या बीईए या तपास संस्थेने मांडलेली ही घटना मी पूर्वी वाचली होती. तरी एक गोष्ट हाताने करून बघेपर्यंत डोक्यात उतरली नव्हती. आपण सगळे 'अमुक मैलावर अमुक उंची' हा ताळा किती विश्वासाने करतो. आयएलएस या रेडिओवर चालणाऱ्या उतरण्याच्या यंत्रणेत तो उपयोगी पडतो, कारण तिथं उतरणीची वाट जमिनीवरच्या अँटेनातून येते. दाब चुकला तर अंतर आणि उंची जुळत नाहीत, शंका येते. पण पॅरिसचा अप्रोच बॅरो-व्हीएनएव्हीचा होता, माझाही तोच. त्यात वाटही अल्टिमीटरवरच बेतलेली आणि ताळाही त्याच अल्टिमीटरवर. चुकीच्या मापाने मापून त्याच मापाने तपासलं, तर माप बरोबरच येणार.

मग सोमवारी रात्री मुद्दाम १०११ लावून परत आलो, आणि या वेळी फक्त रेडिओ अल्टिमीटरवर नजर ठेवली. तो दाबाकडे बघत नाही, जमिनीवर लहर सोडून परतीचा वेळ मोजतो. "वन थाउजंड" असा आवाज आला तेव्हा अल्टिमीटरवर हवे होते ३,४८७ च्या आसपास, दिसले जवळजवळ ३,७७०. फरक तिथं उघडा पडला, आणि धावपट्टी अजून जवळजवळ चार मैल लांब होती.

म्हणून डिस्प्लेच्या वर कागदाची पट्टी चिकटवली आहे: 'एक हजारला ३,४८७'. शिवार अगदी सपाट नाही, त्यामुळे शंभर फूट इकडेतिकडे चालवून घेतो, त्याहून जास्त दिसलं की वर. शिवाय दाब आता दोनदा बघतो, कंट्रोलरकडून ऐकलेला आणि हवामानाच्या अहवालात लिहिलेला. टक मोजणं बंद.

मामांकडे रेडिओ अल्टिमीटरच्या वेगळ्या डिस्प्लेसाठी ॲल्युमिनियमची चौकट टाकली आहे. या वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं, "हे कशाला लागतंय?"