सुई त्याचीच होती

नवी मुंबईत सुईने नशा करणाऱ्या पोरांसाठी एक सेंटर चालतं, तिथे मी नर्स आहे. तुर्भे, वाशी मार्केट, रेल्वेलगतच्या काही जागा, असा आमचा पट्टा. पेपरात त्यांना गर्दुल्ले म्हणतात, आमच्या रजिस्टरात ते क्लायंट. मी नव्या सिरिंजा देते, वापरलेल्या परत घेते, गळवं साफ करते, बोटाला टोचून तपासण्या करते. सुया वाटणं म्हणजे नशेला हातभार, हे ऐकून ऐकून कान किटलेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने या कामाला संरक्षण दिलंय, तरी बीटवर नवा हवालदार आला की त्याला पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागतं.

ज्याच्यामुळे हे लिहितेय तो पोरगा कांदा-बटाटा मार्केटात हमाली करतो. मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या भाषेत 'रेग्युलर'. नेलेल्या सिरिंजा टोपण लावून मोजून परत आणायचा, दुसऱ्याची सुई घ्यायचा नाही, आपली द्यायचा नाही. मीटिंगमध्ये आमचे साहेब त्याचंच उदाहरण द्यायचे.

त्या सकाळी नेहमीच्या तपासण्या केल्या. एचआयव्हीच्या किटवर एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. हेपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारी, लिव्हर बिघडवणारी कावीळ. तिच्या किटवर आधी वरची रेघ आली, मग तिच्याखाली दुसरी, फिकट, पण स्पष्ट. ते पोरगं माझ्या चेहऱ्याकडे नाही, किटकडेच बघत होतं.

"सिस्टर, आईशप्पथ, सुई मी कुणाची घेत नाय."

मला ते पटलं. तिथेच तर घोळ होता.

त्या दुसऱ्या रेघेचा अर्थ एवढाच, की कधीतरी या विषाणूशी गाठ पडलीय. काहींच्या अंगातून तो आपोआप जातो. उपचाराने बरे झालेल्यांचीसुद्धा ही तपासणी पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येते. आज अंगात आहे का, हे कळायला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी, करावा लागतो, आणि त्यासाठी शिरेतून रक्त काढावं लागतं. इथे माझं डोकं फिरतं. वर्षानुवर्षं टोचून यांच्या शिरा कडक झालेल्या, बुजलेल्या असतात. कुठली शीर अजून चालते, हे त्या पोराइतकं कुणालाच माहीत नसतं. पण लॅबमधला माणूस विचारेल तर शपथ. एका दवाखान्यात दोन्ही कोपरांत शोधून झाल्यावर वर ऐकवलं, "स्वतःला टोचताना बरी सापडते!" पोरगं उठून निघालं होतं, मी हाताला धरून बसवलं. मनगटामागची बारीक शीर त्यानेच दाखवली. गरम पाण्याच्या फडक्याने शेकली, बारीक सुई लावली, नळी भरली.

दुपारी आमच्या पिअरला घेऊन त्यांच्या अड्ड्यावर गेले. पिअर म्हणजे पूर्वी हेच केलेला, आता आमच्याकडे काम करणारा माणूस. तो सोबत नसेल तर पुलाखाली आम्हाला कोण विचारतंय! चौघं बसले होते. आमचा पोरगा, ट्रकवरचे दोन क्लीनर आणि एक वयाने थोराड, ज्याला सगळे मामा म्हणतात.

पुडी चौघांच्या वर्गणीतून येते. एकट्याच्या खिशाला परवडत नाही. कोरडी वाटायला घेतली की भांडणं होतात, कारण चिमूटभर पावडरीचे चार सारखे भाग डोळ्यांनी होत नाहीत. म्हणून ती बिसलेरीच्या टोपणात पाण्यात कालवतात आणि सिरिंजवरच्या रेघा मोजून वाटून घेतात. रेघ खोटं बोलत नाही. चोख हिशेब, सोनाराच्या काट्यासारखा. आमच्या पोराने नवं पाकीट फोडलं, स्वतःची सुई काढली आणि टोपणात बुडवली. त्याच्याआधी त्यात मामाची सुई बुडून गेली होती. ती सकाळचीच होती, टोक बोथट झालेलं, आत रक्ताचा गुलाबी अंश. टोपणात गाळायला कापसाचा बोळा, तोही कालपासूनचा. बाजूला पाण्याची एकच बाटली, तिच्यातच सगळे सिरिंजा धुतात.

सुई त्याचीच होती. पाणी, बोळा आणि टोपण चौघांचं होतं.

हा विषाणू चिवट आहे. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात आठवडेच्या आठवडे तग धरतो, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्याला पुरतं. एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. त्यावर लस नाही. हेपॅटायटिस बीवर आहे, ती आम्ही देतोही. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आतल्या आत लिव्हर खराब होत जातं. आमच्या भिंतीवरच्या पोस्टरवर मात्र फक्त सुई आहे, लाल फुली मारलेली. टोपण, बोळा, पाणी हे मी तोंडी सांगत असते, पण रजिस्टरात त्याला रकाना नाही. सिरिंजा किती गेल्या, किती आल्या, एवढंच वर जातं. ज्याला रकाना नाही ते काम झालंच नाही, हा आपल्याकडच्या सगळ्याच योजनांचा खाक्या.

प्रत्येकाने आपापलं टोपण वापरा म्हणणं सोपं आहे, पण मग सारखी वाटणी होणार कशी? मी म्हटलं, टोपण एक ठेवायचं तर ठेवा, पण ते नवं घ्या, पाणी सीलबंद, कापूस नवा. आणि आधी चौघांनी नवी पाकिटं फोडायची, कोऱ्या सुयांनी आपापल्या रेघा ओढून घ्यायच्या, मगच पहिल्याने टोचायचं. वापरलेली सुई परत टोपणात जाता कामा नये. क्लीनर पोरांनी माना डोलावल्या. मामा म्हणाला, "आम्हाला एवढा दम असता तर इथं बसलो असतो काय, बाई?"

त्याचं म्हणणं मी अजून खोडू शकलेले नाही.

व्हायरल लोडमध्ये विषाणू निघाला. गोळ्या सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, 2018 पासून. लिव्हर फार बिघडलेलं नसेल तर बहुतेकांना बारा आठवडे पुरतात, आणि बहुतेक पूर्ण बरे होतात. पोरगा विचारत होता, एकदा बरं झाल्यावर परत होणार नाही ना? होऊ शकतं. कावीळ एकदा झाली की परत होत नाही, असं त्याने गावाकडे ऐकलेलं. पण ती वेगळी कावीळ. याचं तसं नाही.

म्हणून आता चौघांचीही तपासणी व्हायला हवी, नाहीतर एकाला बरं करून त्याच टोपणाकडे परत पाठवायचं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे कुठल्या इंडिकेटरमध्ये बसतं?" शेऱ्याच्या रकान्यात लिहून दिलंय.

दोघे क्लीनर येऊन गेले. एकाची रेघ आली, एकाची नाही. मामा आलेला नाही. पिअर म्हणतो, गावाला गेलाय. पोरगा म्हणतो, कुठला गावाला, पुलाखालीच असतो, दिवसा झोपतो. उद्या किट घेऊन तिथेच जायचं ठरवलंय.