दिवेलागणीचा कायदा

रेक्याविकला राहायला आलो त्याच महिन्यात मुलाच्या हाती फ्रिजवर लावायचं एक चुंबक आलं. त्यावर छापलेलं: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ८ नंतर आणि १३ ते १६ वयाच्यांनी १० नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर भटकायचं नाही. उन्हाळ्यात दोन तास सवलत. हा आइसलँडचा कायदाच आहे. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "यात नवीन काय? दिवेलागणीला घरात, हे तुम्हा भावंडांना सांगून माझा घसा बसला होता."

खरंय. फक्त इथे जूनमध्ये दिवेलागण होतच नाही. रात्री साडेअकराला ऊन खिडकीत असतं, म्हणून बिचाऱ्यांना वेळ छापून द्यावी लागते.

आता हा देश शहाण्या मुलांचा वाटतो, पण १९९८ मध्ये इथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्के होती, ती ३ टक्के उरली. दारू वाईट, तंबाखू वाईट ही भाषणं आधी देऊन झाली होती. मुलं ऐकून घेत आणि बाहेर जाऊन प्यायची. मग इथल्या संशोधकांनी मुलांना उपदेश करणं सोडून पाहणीत प्रश्न विचारायला घेतले. संध्याकाळी कुठे असतोस? कोणाबरोबर? आईबाबा किती वेळ भेटतात? तू कुठे आहेस हे त्यांना ठाऊक असतं का? उत्तरांतून दिसलं ते असं: ज्या मुलाला आठवड्यातून तीन-चार दिवस कुणी शिकवणारा वाट पाहत असतो आणि ज्याच्या घरचे त्याच्याबरोबर वेळ काढतात, ते सहसा वाहवत जात नाही. मग क्रीडासंकुलं वाढली, प्रशिक्षक शिकवून तयार केले, आणि रेक्याविकची नगरपालिका दर मुलामागे खेळ-संगीताच्या फीसाठी पैसे देऊ लागली. पाहणी अजून चालू आहे. माझ्या मुलानं ती भरून आल्यावर विचारलं, "आई, तू बाजूला बसून लॅपटॉपवर काम करतेस, तो वेळ एकत्र धरायचा की नाही?" मी चहा ठेवायला उठले.

हे सगळं वाचताना मला सारखं बडोदं आठवत होतं. बाबा लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे. वस्तादांचा धाक वडिलांपेक्षा जास्त, असं ते अजून सांगतात. मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचे, पुस्तकांपेक्षा तिथल्या काचेच्या जमिनीसाठी. वरच्या मजल्यावरच्या माणसाची सावली डोक्यावरून चालत जायची. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. त्याआधी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत आलं नाही तर दंड आईबापांना. मुलाला नुसतं दटावून भागत नाही, त्याच्याभोवतीचं गाव बदलावं लागतं, हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं.

उगाच गोडवे गात नाही. आमच्या गल्लीतल्या ओट्यांवरचे डोळे मुलग्यांना सांभाळायचे आणि मुलींना मोजायचे. कॉलेजात एका मुलानं मला स्कूटरवरून घरी सोडलं, ती बातमी माझ्याआधी जिना चढली होती. आणि त्याच डोळ्यांदेखत माझा मावसभाऊ कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर तंबाखू मळायला शिकला. संध्याकाळी त्याची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, गल्लेवाला होता. इथेही आता ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पुड्या आल्यात, फोन तर आहेतच.

भाचा आता नववीत आहे. शाळा, मग ट्यूशन, मग दुसरी ट्यूशन. साडेआठला घरी येतो आणि मोबाईल घेऊन आडवा. ताई म्हणते, "बाहेर तरी कुठे जात नाही." म्हणजे काळजी मिटली. मला मात्र त्या मुलाचं नाव घेऊन हाक मारणारं, मार्क न विचारणारं, घराबाहेरचं एकही मोठं माणूस आठवेना. कमाटीबाग घरापासून फार लांब नाही. शेवटचा कधी गेलास म्हटलं, तर छोट्या आगगाडीत बसायला, म्हणाला.

इथे शाळेतले पालक शुक्रवारी-शनिवारी रात्री गटानं वस्तीत चक्कर मारतात. पकडायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं दिसायचं. गेल्या जानेवारीत माझी पाळी होती. दुकानामागे दोन मुलं कुडकुडत उभी. आम्हाला पाहिल्यावर एकानं हात खिशात घातला आणि तोंडभर हसून माझ्या मुलाच्या नावानं मला ओळख दिली. आम्ही बर्फाबद्दल बोललो. पाच मिनिटांनी दोघं घराच्या दिशेनं निघाली.

निघण्यापूर्वी आईचा फोन आला होता. मी पिवळं जाकीट चढवत होते.

"एवढ्या थंडीत कुठे गं?"

"ओट्यावर बसायला."