सही झाल्यावर सभागृहाच्या हाती काय उरतं?

"परदेशी कंपनीशी एवढा मोठा करार झाला, तेव्हा आपले आमदार-खासदार काय करत होते?" हे तुमच्यापैकी अनेकजण विचारता. दाभोळचं, म्हणजे एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या कोकणातल्या वीजप्रकल्पाचं, नाव निघालं तर हमखास. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर. थेट उत्तर आधी देऊन टाकतो: बहुतेक वेळा त्यांना करार दाखवलेलाच नसतो, आणि सहीआधी तो दाखवलाच पाहिजे असं बंधन आपल्या राज्यघटनेत नाही.

सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीची 14 वी नोंद परराष्ट्रांशी तह आणि करार करण्याचा विषय केंद्राकडे देते. कलम 73 नुसार ज्या विषयावर संसद कायदा करू शकते, त्यावर सरकारचा कार्यकारी अधिकार चालतो. कलम 253 संसदेला तह अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देतं. म्हणजे संसदेची गरज लागते ती अंमलबजावणीला, आणि तीही कायदा बदलावा लागणार असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये मगनभाई पटेल खटल्यात, कच्छच्या सीमेच्या वादात, हेच स्पष्ट केलं: नागरिकांच्या हक्कांवर गदा येत नसेल आणि देशाचा कायदाही बदलत नसेल, तर करारासाठी वेगळ्या कायद्याची गरज नाही. द्विपक्षीय गुंतवणूक करारात सरकार परदेशी गुंतवणूकदाराला फक्त वचन देतं, कायदा बदलत नाही. त्यामुळे तो सभागृहाला वळसा घालून सहज पुढे जातो. वचन मोडलं तर भरपाई मात्र करदात्याच्या खिशातून जाते.

इथे तीन वेगवेगळे कागद एकत्र कालवले जातात, ते आधी सुटे करू. पहिला सामंजस्य करार. दर जानेवारीत दावोसहून ज्यांच्या बातम्या येतात ते हे. यात सहसा कोणी कोणाला कायद्याने बांधलेलं नसतं. दुसरा कंपनीशी झालेला व्यावसायिक करार: वीजखरेदी, बंदर, रस्ता, खाण. खरा पैसा इथे अडकतो. तिसरा दोन देशांमधला गुंतवणूक करार. त्यात कंपनीचं नावही नसतं, पण तिला आपल्या सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचण्याचा हक्क त्यातूनच मिळतो. आणि या तिघांच्या मधे एक चौथा कागद दडलेला असतो, तो म्हणजे हमीपत्र. माझ्या मते सभागृहाने सगळ्यात आधी मागावा असा कागद हाच.

का, ते दाभोळवरून बघू. गुहागर तालुक्यात अंजनवेलला प्रकल्प उभा राहिला. एन्रॉनचं पथक 15 जून 1992 ला भारतात आलं आणि 20 जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. पाच दिवस. निविदा निघाली नव्हती. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगत कर्ज नाकारलं. तरीही 8 डिसेंबर 1993 ला वीजखरेदी करारावर सही झाली.

या करारातला जीव क्षमता आकारात होता. वीज घ्या अथवा घेऊ नका, संयंत्र तयार असेल तर ठरलेला आकार द्यायचाच. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. वर्षाला 500 कोटी रुपये स्थिर आकार आहे आणि मंडळाने 500 कोटी युनिट उचलले, तर युनिटमागे एक रुपया पडतो. मागणी नाही म्हणून 250 कोटीच उचलले, तर तोच आकार दोन रुपये होतो. इंधनाचा खर्च वर वेगळा. दाभोळमध्ये या आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. 1993 मध्ये डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 च्या सुरुवातीला 46 च्या पुढे. त्यात नाफ्था, म्हणजे संयंत्राचं इंधन, महागला. वीज कमी उचलली जात होती आणि दर चढत होता, काही महिन्यांत तो युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. दर चढला म्हणून मंडळ आणखी कमी वीज उचलायचं, की युनिटमागचा आकार आणखी वाढायचा. हे गणित 1993 च्या मसुद्यातच मांडून ठेवलेलं होतं. मागणीचा अंदाज आणि डॉलरचे तीन-चार वेगवेगळे भाव घेऊन बसलं असतं, तर कुठल्याही अभ्यासू आमदाराला ते एका दुपारी उलगडलं असतं. पण करारच गोपनीय ठेवला गेला.

पैसे बुडू नयेत म्हणून कंपनीने एकावर एक कुलपं लावून घेतली: बँकेचं पतपत्र (मंडळाने पैसे दिले नाहीत तर बँक देईल अशी हमी), मंडळाच्या वसुलीवर एस्क्रो खातं (वसुलीतून कंपनीचे पैसे आधी बाजूला काढणारं), राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. प्रतिहमी म्हणजे राज्याने हात वर केले तर थेट केंद्राच्या तिजोरीवर बोजा. कलम 292 सांगतं की केंद्र संचित निधीच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीच्या, तारणावर हमी देऊ शकतं, संसदेने कायद्याने काही मर्यादा घातल्या असतील तर त्या मर्यादेत. "असतील तर" हे शब्द नीट वाचा. त्या काळी अशी मर्यादा घालणारा कायदा नव्हता. वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा 2003 मध्ये आला आणि 2004 च्या नियमांनी वर्षभरात द्यायच्या नव्या हमींवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली. म्हणून 1994 मध्ये प्रतिहमी देताना सभागृहाची अडचण नव्हती. मे 1996 मध्ये तर, ज्या सरकारने लोकसभेत विश्वासमत जिंकलेलं नव्हतं, त्या तेरा दिवसांच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने अखेरच्या तासांत सुधारित करारासाठीच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. पक्ष कुठला, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. दोन्ही बाजूंनी हेच केलं, कारण रचनाच तशी होती.

मधल्या फेरतपासणीचंही बघा. 1995 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ती मंत्रिमंडळाची उपसमिती होती. 3 ऑगस्ट 1995 ला प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा विधानसभेत झाली. म्हणजे सभागृहाला निर्णय ऐकायला मिळाला. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका तज्ज्ञ गटाने फेरवाटाघाटी केल्या, आणि आधी मंडळाच्या मर्जीवर असलेला दुसरा टप्पा बंधनकारक होऊन बसला. 740 आणि 1444 मिळून 2184 मेगावॉट. विरोधी आणि सत्ताधारी आमदार एका टेबलाशी बसून कागद मागतात, साक्षीला अधिकारी बोलावतात, अशी सभागृहाची समिती यात कुठेच नव्हती. सखोल चौकशी झाली ती 2001 मध्ये, माधव गोडबोले समितीकडून, आणि त्या मे महिन्यात वीजनिर्मिती थांबलीच.

आता तिसरा कागद. दाभोळचा वीजखरेदी करार 1993 चा, भारत-मॉरिशस गुंतवणूक करार 1998 चा. तरीही दाभोळ बंद पडल्यावर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिकच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांनी याच गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारत सरकारवर दावे लावले. 2005 मध्ये तडजोड करावी लागली. 1998 मध्ये मॉरिशसबरोबरचा मसुदा कोणी संसदेत तपासला असता, तर "आधीच झालेल्या गुंतवणुकीलाही हे लागू आहे का?" हा एक प्रश्न पुरला असता.

व्हाइट इंडस्ट्रीजचा निकाल याहून बारीक आहे. ऑस्ट्रेलियाच्या या कंपनीचं कोल इंडियाशी पिपरवार खाणीवरून भांडण होतं. लवादाचा निवाडा तिच्या बाजूने 2002 मध्ये लागला, पण भारतातल्या न्यायालयांत त्याची वसुली वर्षानुवर्षं रेंगाळली. भारत-ऑस्ट्रेलिया करारात "दाद मागण्याचं परिणामकारक साधन" देण्याचं कलम नव्हतं. ते भारत-कुवेत करारात होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या करारात सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचं कलम होतं, म्हणजे दुसऱ्या देशाला जे चांगलं दिलंत ते आम्हालाही. त्या दोरीने कुवेतचं कलम ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हातात आलं आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारत हरला. करार एकेकटा वाचून चालत नाही, ते यासाठी. सरकारने मग 2015 मध्ये नवा नमुना मसुदा आणला, त्यातून हे कलम काढलं, आणि लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षं भारतीय न्यायालयांत दाद मागायची अट घातली. पुढे पन्नासहून जास्त जुने करार संपवण्याच्या नोटिसा गेल्या. पण बहुतेक जुन्या करारांत शेपूट आहे: करार संपला तरी आधीच्या गुंतवणुकीला 10 ते 15 वर्षं संरक्षण चालूच राहतं.

संसदेने काहीच केलं नाही असंही नाही. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने सप्टेंबर 2021 मध्ये गुंतवणूक करारांवर अख्खा अहवाल दिला. पण समितीपुढे होता तो झालेल्या करारांचा आणि हरलेल्या दाव्यांचा हिशेब. शिवाय तिच्या शिफारशी बंधनकारक नसतात. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याने अनुसमर्थनाआधी, म्हणजे तहावर अंतिम शिक्कामोर्तब होण्याआधी, तो 21 बैठक-दिवस संसदेच्या पटलावर ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियात 1996 पासून तहांसाठीच संयुक्त समिती आहे आणि तहासोबत देशहिताचं टिपण द्यावं लागतं. आपल्याकडे संविधान पुनर्विलोकन आयोगाने 2002 मध्येच तह करण्याच्या अधिकाराचं नियमन संसदेने कायद्याने करावं असं सुचवलं होतं.

मग आज हातात काय आहे? प्रश्न विचारायचा असेल तर "करारामुळे राज्याला फायदा होणार आहे काय" असा विचारू नका, त्याला "होय" एवढंच उत्तर येतं. विचारा: शासनाची जास्तीत जास्त आर्थिक जबाबदारी किती, ती कोणत्या चलनात, हमी अर्थसंकल्पाच्या कोणत्या विवरणपत्रात दाखवली आहे, लवादाचं ठिकाण कोणतं, करार मुदतीआधी मोडल्यास द्यायच्या रकमेचं सूत्र काय. लोकसभेत यासाठी किमान 15 दिवसांची सूचना लागते. मंत्री म्हणाले "माहिती गोळा करण्यात येत आहे", तर नाराज होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, आणि न केल्यास आश्वासन समिती विचारू शकते. प्रकरण न्यायालयात गेलं की न्यायप्रविष्ट म्हणून दार बंद होतं, म्हणून घाई आधी करायची.

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांना कलम 8(1)(d) खाली व्यापारी गुपित म्हणून नकार येतो. मूळ करार आणि परिशिष्टं वेगवेगळी मागा, दराचं सूत्र आणि हमीपत्र स्वतंत्र मुद्दे करा, आणि गुपित भाग झाकून उरलेला द्या असं कलम 10 चा हवाला देऊन अर्जातच लिहा. सगळा गठ्ठा एकत्र मागितला की सगळ्याला एकच नकार मिळतो. अपिलात कलम 8(2) च्या जनहिताच्या मुद्द्यावर बोट ठेवा.

दाभोळ आता जुनं झालं असं वाटत असेल, तर अलीकडच्या एका कराराच्या तारखा शेजारी शेजारी ठेवतो. संयुक्त अरब अमिरातींबरोबरच्या नव्या गुंतवणूक कराराला मंत्रिमंडळाची मंजुरी 1 फेब्रुवारी 2024 ची. सतराव्या लोकसभेचं शेवटचं अधिवेशन 10 फेब्रुवारीला संपलं, सही 13 फेब्रुवारीला झाली. मधे निवडणूक. करार 31 ऑगस्टला लागू झाला. जुना करार 12 सप्टेंबरला संपत होता, त्यामुळे घाईला कारण होतं, हे मान्य. पण नव्या लोकसभेच्या विभागवार स्थायी समित्या स्थापन झाल्या त्या 26 सप्टेंबरला, आणि करार लागू झाल्याचं सरकारी पत्रक निघालं 7 ऑक्टोबरला. पाच वर्षांची न्यायालयाची अट याच करारात तीन वर्षांवर आली आहे, आणि शेअर-रोख्यांमधली गुंतवणूकही संरक्षणात आली आहे.