सरांशी बोलायचे कसे, हे मुलांना कोण शिकवणार?

कोल्हापूरची मुले अबोल आहेत असे कोणी म्हणणार नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी आणि मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मोठ्यांना तोंडावर विचारणारी मुले आमच्या शुक्रवार पेठेत घरोघरी आहेत. त्यांपैकी काही जण संध्याकाळी आमच्या घरी अभ्यासाला बसतात. वर्गात सरांनी "समजलं का?" असे विचारल्यावर "होय सर" म्हणून आलेली हीच मुले तेच उदाहरण घेऊन माझ्यासमोर वही उघडतात. शिक्षकांपुढे आपली अडचण मांडणे धीट मुलालाही शिकवावे लागते आणि ते आपण घरी शिकवत नाही, असे माझे मत त्यामुळे पक्के होत गेले आहे.

या गप्प राहण्यामागे इतिहास आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाळेची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या अशा घरांत मास्तरांविषयी अपार कृतज्ञता होती, त्यांचा शब्द शेवटचा होता, आणि तो आदर आजही टिकून आहे याचे मला समाधान वाटते. मात्र त्याबरोबर विचारणे म्हणजे उलट बोलणे अशी एक भीतीही घरात शिरली आणि ती आदराच्या नावाखाली मुलांना दिली जाते.

मुलांना मी आधी नेमकेपणा शिकवते. आठवीतील एका मुलीला शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे वाचता येत नव्हते. आईने चिठ्ठी द्यायचे ठरवले होते, आम्ही त्याऐवजी तिच्याकडून वाक्य तयार करून घेतले: "मॅडम, मला मागून फळ्यावरची अक्षरं दिसत नाहीत. चष्मा येईपर्यंत पुढे बसू का?" अडचण एका वाक्यात, मागणी दुसऱ्या वाक्यात, आणि तीही मुदतीसह. हे भर तासाला न सांगता तास संपल्यावर सांगायचे, एवढेही ठरवले. तिला जागा मिळाली.

गुणांच्या बाबतीत हा नेमकेपणा अधिक उपयोगी पडतो. "मार्क कमी का दिले?" या प्रश्नात आरोप ऐकू येतो; "सर, चौथ्या प्रश्नाचे गुण बेरजेत धरलेले दिसत नाहीत, एकदा बघाल का?" यात शिक्षकांना उत्तर देण्याजोगे काहीतरी हातात मिळते. दहावी-बारावीच्या निकालानंतर राज्य मंडळच गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि छायाप्रत घेतल्यावर पुनर्मूल्यांकन अशी वाट देते. मंडळाला विचारता येते, तर घटक चाचणीबद्दल वर्गात विचारण्यात उद्धटपणा कसला?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांची. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची मुभा असलेल्या परीक्षार्थीला दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळायला हवा. पालक प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालतात, मुख्याध्यापकांना भेटतात, फाइल जपून ठेवतात. पण त्या फाइलमध्ये आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे मुलाला कोणीच सांगितलेले नसते. माझ्याकडे येणाऱ्या नववीतील एका मुलाचे असेच होते. आपण 'ढ' आहोत म्हणून आपल्याला सवलत मिळते, अशी त्याची समजूत होती. आम्ही ते प्रमाणपत्र त्याच्यासोबत ओळीओळीने वाचले. गणिताची रीत त्याला येते, परंतु शाब्दिक उदाहरण वाचण्यातच त्याचा वेळ जातो, हे त्याने स्वतःच ओळखले, आणि "उदाहरण एकदा मोठ्याने वाचून दाखवाल का?" ही मागणी त्याचीच, प्रमाणपत्रात ती कोठेही नव्हती. आपली गरज इतक्या बारकाईने सांगणे त्याच्या वतीने बोलणाऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाला जमले नसते.

मात्र सगळा भार मुलावर टाकून चालणार नाही. मारहाण, वर्गासमोर अपमान, नकोसा स्पर्श अशा गोष्टींत मुलाने फक्त विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. पुढचे बोलणे आपले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि 1098 हा मदत क्रमांक मुलांना पाठ हवा. इतर अडचणींत पहिला नकार आला तर वर्गशिक्षक, नंतर मुख्याध्यापक हा क्रमही त्यांना ठाऊक असावा. नकार मिळूनही नम्रपणे पुन्हा विचारणे सर्वांत अवघड असते, म्हणून त्याचा सराव आम्ही घरी करतो: मी शिक्षिका बनते आणि मुद्दाम "आत्ता वेळ नाही" म्हणते, मग मुलाने विचारायचे, "मग कधी येऊ मॅडम?"

त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलाला भयमुक्त ठेवणे आणि आपले मत मोकळेपणाने मांडण्यास मदत करणे अपेक्षिले आहे. साठ-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांची किती ओढाताण होते याची मला जाणीव आहे, तरीही "समजलं का?" याऐवजी "कुठल्या पायरीला अडलं?" असे विचारले, तर हात वर होतात. पालकांनीही पालकसभेला मुलाला सोबत न्यावे आणि पहिले वाक्य त्यालाच बोलू द्यावे.

नववीतील तो मुलगा यंदा दहावीत गेला आहे. नवे शिक्षक आल्यामुळे त्याला सर्वांना पुन्हा सांगावे लागते. गणिताच्या सरांशी तो बोलून आला, सरांनी विचारले, "आकृती असली तर सोपं जातं का?" याचा विचार आम्ही केलाच नव्हता. इंग्रजीच्या मॅडमशी काय बोलायचे, ते आता तो एकटाच लिहून काढतो आहे.